पाडणारे आणि पावणारे

सरकारी नोटिशीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘अन्यथा आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ मग इतके दिवस जे चाललं होतं ते काय होतं, असं विचारायचं नसतं. विचारलंत, तर महापालिकेचा माणूस खळीचा डबा सावरत तुमच्याकडे असा बघतो, की पुढची नोटीस भिंतीवर नव्हे, तुमच्या पाठीवर चिकटणार.

नागरिकशास्त्राच्या पेपरात ‘कायद्याचे राज्य’ ही टीप दोन मार्कांना असायची. ‘कायद्यापुढे सर्व समान’ लिहिलं की एक मार्क, ‘कलम १४’ लिहिलं की दुसरा. ते दोन मार्क घेऊन आपण सगळे पास झालो आणि तो विषय कायमचा ऑप्शनला टाकला. टाकणाऱ्यांतले काही पुढे नगरसेवक झाले, काही अधिकारी झाले, आणि उरलेल्यांनी या दोघांशी ओळखी काढल्या.

आता त्या दोन मार्कांचं प्रात्यक्षिक.

१७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल झाली. पोलिसांनी ज्याला सूत्रधार म्हटलं, त्याच्या कुटुंबाचं दुमजली घर महापालिकेने २४ मार्चला पाडलं. दंगलीची शिक्षा म्हणून नव्हे हं! नकाशा मंजूर नव्हता म्हणून. नकाशा आधीही मंजूर नव्हताच; पण तो नाही, हे दिसायला दंगल व्हावी लागली. त्याच्या महिनाभर आधी मालवणात एका भंगारवाल्यावर आरोप झाला, की भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्या. दुसऱ्याच दिवशी त्याचं दुकान अनधिकृत असल्याचा नगरपरिषदेला साक्षात्कार झाला. आपल्या अतिक्रमण विभागांना चष्म्याचा नंबर नसतो, मुहूर्त असतो.

नागपूरच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने त्याच दिवशी कारवाई थांबवायला सांगितली. पण स्थगिती फायलीतून येते आणि जेसीबी हमरस्त्याने. घर तोवर गेलं होतं. खरी गंमत पुढे एप्रिलमध्ये झाली. महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. कारण काय दिलं? तर सर्वोच्च न्यायालयाने घरं पाडण्याबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये जो निकाल दिला, त्याची अधिकाऱ्यांना माहितीच नव्हती.

वा! तुम्ही-आम्ही हेल्मेटशिवाय सापडलो आणि चौकातल्या हवालदाराला म्हणालो, ‘मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९ वाचायचं राहून गेलं हो,’ तर तो पावतीपुस्तक मिटेल का? कायद्याचं अज्ञान ही सबब नव्हे, हे तत्त्व आपल्याकडे फक्त नागरिकांसाठी राखीव आहे. ज्यांना कायदा राबवायचा पगार मिळतो त्यांना अज्ञानाची सवलत आहे, महागाई भत्त्यासकट.

बरं, तो निकाल काही हस्तलिखितात दडलेला नव्हता. १३ नोव्हेंबर २०२४ ला तो आला, दुसऱ्या दिवशी देशातल्या झाडून सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. त्याची प्रत सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांकडे जावी आणि तिथून परिपत्रकं खालपर्यंत जावीत, असं निकालातच लिहिलेलं होतं. परिपत्रक मंत्रालयातून निघून नागपूरला पोचायला किती दिवस लागतात? टपाल पायी गेलं तरी चार महिने लागत नाहीत. आणि निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते भूषण गवई. अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले, आणि एके काळी याच नागपूर महापालिकेचे स्थायी वकील! म्हणजे महापालिकेने आपल्याच जुन्या वकिलाचा सल्ला वाचला नाही. पूर्वी त्या सल्ल्याची फी द्यावी लागायची, आता फुकट मिळत होता. म्हणून किंमत राहिली नसावी.

त्या निकालात काही क्रांतिकारक वगैरे नाही. पाडण्याआधी कारणे दाखवा नोटीस द्या, ती रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि घरावरही लावा. पंधरा दिवस थांबा. माणसाचं म्हणणं ऐका. मग लेखी आदेश काढा, आणि आदेशानंतरही पंधरा दिवस द्या, म्हणजे त्याला अपिलात जाता येईल किंवा स्वतःहून काढून घेता येईल. पाडताना चित्रीकरण करा. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा जागांना यातून वगळलंय, आणि जिथे कोर्टानेच पाडायला सांगितलंय तीही वेगळी. हे सगळं मोडून घर पाडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. एवढंच. ज्याला आपण साधी माणुसकी म्हणतो तिला सर्वोच्च न्यायालयाने पंचाण्णव पानं दिली, असं कुणी म्हणेल. पानांचं सोडा, मुद्दा एका ओळीचा आहे. आरोप करणारा, निकाल देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा हे तिघे एकाच जीपमधून उतरता कामा नयेत.

भारतीय न्याय संहितेत शिक्षांचे सहा प्रकार दिलेत. मृत्युदंडापासून सामुदायिक सेवेपर्यंत. त्यात ‘आरोपीच्या आईची मोरी आणि बहिणीची अभ्यासाची खोली पाडणे’ हा सातवा प्रकार नाही. खुनाचा गुन्हा शाबीत होऊन फाशी झालेल्याचं घरही उभं राहतं. ज्याचा खटला अजून सुरू व्हायचाय त्याचं मात्र पाडलं जातं. आणि समोरच्या गच्चीवरून मोबाइल उंचावून चित्रीकरण करणारा शेजारी म्हणतो, ‘असंच पाहिजे!’ त्याच्या पायाखालच्या गच्चीचा नकाशा कुणी मागितलेला नसतो, म्हणून त्याचा आवाज इतका मोकळा.

*

हे झाले पाडणारे. आता पावणारे.

वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड. ऐंशीच्या दशकात इथे सात इमारती उभ्या राहिल्या. परवानगी पाच-पाच मजल्यांची. त्यातली एक सतराव्या मजल्यावर थांबली, दुसरी विसाव्यावर. काम थांबवा, अशी नोटीस महापालिकेने १९८४ मध्ये दिली होती. नोटीस वाचून इमारतीला इतकी लाज वाटली, की ती आणखी वर निघून गेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये सांगितलं, की वरचे मजले बेकायदाच. नोव्हेंबरात महापालिकेचं पथक फाटकाशी आलं, तेव्हा एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे सगळ्या पक्षांचे नेते रहिवाशांच्या खांद्याला खांदा लावून उभे. टीव्हीवर दिवसभर रडारड. सर्वोच्च न्यायालयाने ती दृश्यं पाहून स्वतःहून ३१ मे २०१४ पर्यंत मुदत दिली.

नागपूरला एक आठवडा, वरळीला तीस वर्षं.

गैरसमज नको. वरळीच्या रहिवाशांना प्रत्येक कोर्टात बाजू मांडायला मिळाली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते तसंच व्हायला हवं होतं. बिल्डरने फसवलेल्या माणसाचं म्हणणं तीस वर्षं ऐकणाऱ्या व्यवस्थेला दुसऱ्याचं म्हणणं पंधरा दिवसही ऐकवत नाही, ही तक्रार आहे.

पण वरळी हा अपवाद, तिथे शेवटी हातोड्याची वेळ तरी आली. आपल्याकडे रिवाज आहे तो पावण्याचा. त्याला ‘नियमितीकरण’ म्हणतात. आधी कायदा करायचा, मग तो मोडू द्यायचा, मग मोडणाऱ्यांची संख्या मतदारसंघाएवढी झाली की तारीख जाहीर करायची. अमुक तारखेच्या आधी मोडला असेल तर माफ. मुंबईच्या झोपड्यांसाठी तारीख होती १ जानेवारी १९९५. ती सरकून १ जानेवारी २००० झाली, मग पैसे भरून २०११ पर्यंत आली. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. तेव्हा तारीख होती १ जानेवारी २००१. दुरुस्ती झाली २०२१ मध्ये, तारीख आली ३१ डिसेंबर २०२०. वीस वर्षांत कुणी कायदा पाळला नाही, म्हणून कायद्यानेच वीस वर्षं पुढे येऊन लोकांना गाठलं.

तुकडेबंदीचं तर विचारूच नका. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू नयेत, हा कायदा १९४७ चा, म्हणजे जवळपास स्वातंत्र्याच्या वयाचा. शेत कसण्याजोगं राहावं, हा त्यामागचा विचार. लोकांनी गुंठ्या-गुंठ्याने विकायला सुरुवात केली. २०१७ मध्ये सरकारने सांगितलं, बाजारमूल्याच्या २५ टक्के भरा आणि तुकडा नियमित करून घ्या. लोक आले नाहीत. २०२४ मध्ये ५ टक्के केलं. तरी लोक हलले नाहीत. थांबलं की दर उतरतो, हे त्यांना दिवाळीच्या सेलमुळे ठाऊक होतं. २०२५ मध्ये अध्यादेश आला, निवासी भागात काहीच भरू नका. ज्याने २०१८ मध्ये शहाण्यासारखे २५ टक्के भरले असतील, तो आज घरात बायकोचं काय काय ऐकून घेत असेल!

*

एका गुंठ्यावर घर कसं उभं राहतं ते कधी जवळून पाहिलंय? शहराच्या हद्दीला लागून कुठल्याही गावात जा. शेतजमिनीच्या एका गुंठ्याचं खरेदीखत नोंदवता येत नाही, हे तिथल्या पानवाल्यालाही माहीत असतं. मग अकरा जण मिळून अकरा गुंठे घेतात. सातबाऱ्यावर अकरा नावं आणि जमिनीवर चुन्याच्या अकरा रेषा. किंवा नोटरी केलेलं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, देव्हाऱ्याखालच्या कपाटात.

बांधकामाचा हंगाम सरकारी सुट्ट्यांवर ठरतो. कॅलेंडर भिंतीवर लावल्या लावल्या ठेकेदार बघतो, की शनिवार-रविवारला जोडून सुट्टी कुठे येतेय. शुक्रवारी संध्याकाळी कचेरी सुटली की सेंटरिंगच्या फळ्या उतरतात. रात्री हॅलोजन लावून स्लॅब पडतो. मंगळवारी कचेरी उघडते तेव्हा स्लॅबवर विटांची आळी करून पाणी भरलेलं असतं, आणि एक म्हातारी खाटेवर बसलेली असते. खाट आणि म्हातारी फार महत्त्वाची. त्यामुळे ते ‘चालू बांधकाम’ राहत नाही, ‘राहतं घर’ होतं. महापालिकेचा माणूस येतो, काम थांबवा म्हणतो. काम थांबतं. चहा होतो. नोटीस निघते, तिला जावक क्रमांक पडतो. या क्रमांकाचा उपयोग पुढे इमारत पडली की होतो, ‘आम्ही नोटीस दिली होती’ असं सांगायला.

आणि एकदा घर उभं राहिलं, की शासनाची सगळी अंगं एकेक करून पाहुण्यांसारखी घरी येऊ लागतात. विजेचं मीटर येतं. नळजोड येतो. मतदारयादीत नाव येतं. गल्लीत काँक्रीट पडतं आणि त्यावर नगरसेवकाच्या नावाची पाटी. अनधिकृत वस्तीतल्या रस्त्याचं अधिकृत उद्घाटन, अधिकृत नारळाने! शेवटी येतं मालमत्ता कराचं बिल, त्यावर बारीक अक्षरात अशा अर्थाची ओळ, की कर घेतला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं समजू नये. म्हणजे पैसे घेतोय, पण ओळख दाखवू नका.

काही शहरांत कराच्या जोडीला दंडही लागतो, त्याला शास्तीकर म्हणतात. पिंपरी-चिंचवडमध्ये तो एवढा चढला, की दर निवडणुकीत ‘शास्ती रद्द’ ही एकच घोषणा सगळ्या पक्षांच्या फ्लेक्सवर असायची, फक्त फोटो वेगळे. २०२३ मध्ये तो माफ झाला. आनंदच आहे. ज्यांनी तोवर मुकाट्याने भरला होता, त्यांना आमच्या शुभेच्छा.

या साऱ्यात एक इसम राहून जातो. त्याने जमीन रीतसर बिगरशेती केली, आर्किटेक्टला पैसे दिले, नकाशा मंजूर करून घेतला, विकास शुल्क भरलं, साइड मार्जिन सोडलं, त्या सोडलेल्या जागेत मधुमालती लावली. भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे ओसीसाठी, हेलपाटे घातले. त्याच्या उजवीकडच्याने मार्जिनमध्ये दुकान काढलं, डावीकडच्याने जिना. दोघांचंही नियमित झालं. त्याची मधुमालती मात्र उन्हाअभावी गेली. त्याच्यासाठी कुठली योजना नाही, कारण त्याने काही केलंच नाही, तर माफ काय करणार?

*

पावणाऱ्यांबद्दल बोलताना लोक लगेच अंगावर येतात. ‘म्हणजे गरिबांची घरं पाडायची म्हणता?’ नाही म्हणत. उलट पावण्याचा हा धंदा बुडवतो तो त्यांनाच. दरबार भरवणारा एखादा बाबा असतो ना, कोपला तर सत्यानाश करतो आणि पावला तर संसार बसवतो, तसं आपलं सरकार झालंय. भक्ताने नियम विचारायचे नसतात, मर्जी बघायची असते. बाबा कधी कोपेल हे त्याच्या पायाशी बसणाऱ्या चार जणांना माहीत असतं. ते आधीच विकून मोकळे होतात. प्रसाद मागच्या रांगेतल्याला मिळतो.

डोंबिवलीचं बघा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या इमारती निघाल्या, एक नव्हे, पासष्ट. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. घेणाऱ्यांनी काय चूक केली? महारेराचा क्रमांक बघा, असं सरकारनेच जाहिराती करून शिकवलं होतं, त्यांनी बघितला. बँकेने कागद तपासून कर्ज दिलं. दुय्यम निबंधकाने मुद्रांक शुल्क मोजून घेऊन दस्त नोंदवला. आता प्रत्येक जण सांगतो, तपासणं आमचं काम नव्हतं. निबंधक म्हणतो, मी दस्त नोंदवतो, इमारतीची कुंडली बघत नाही. महारेरा म्हणते, आमच्याकडे कागद आला, तो खरा मानला. चार कचेऱ्यांचे शिक्के असलेला कागद कुणाचाच नाही! हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक जातो. तिथे कायद्याचं राज्य अखंड आहे.

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतही तेच. इंद्रायणीकाठी निळ्या पूररेषेच्या आत छत्तीस बंगले उभे राहिले. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा जिथवर पाणी येतं ती. तिच्या आत बांधायला बंदी. हरित लवादाने पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि १७ मे २०२५ ला एका दिवसात सगळे बंगले गेले. या कारवाईला मी चूक म्हणणार नाही. लवाद झाला, अपील झालं, नदीच्या बाजूनेही कुणीतरी बोललं. पण रेषा नकाशावर होती तेव्हा प्लॉट पाडणारा, विकणारा, वीज देणारा आणि ‘बघतो’ म्हणणारा, हे सगळे काठावर कोरडे उभे होते. भिजले फक्त शेवटी विकत घेणारे.

आणि इमारत स्वतःहून पडते तेव्हा? ठाण्याला शिळफाट्याजवळ एप्रिल २०१३ मध्ये एक बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. ती उभीसुद्धा काही आठवड्यांतच झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला, १७. तिथे कुणी नियमितीकरण करत नाही. अर्ज करणारेच उरत नाहीत.

*

ए. व्ही. डायसी नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने १८८५ मध्ये कायद्याच्या राज्याची जी व्याख्या केली ती आपल्या वकिलांना पाठ असते. पंतप्रधान असो की शिपाई, दोघांना कायदा एक आणि कोर्टही एकच, असा तिचा गाभा. पण इंग्लंडला जायचं कारण नाही. महाराष्ट्रातच एक गोष्ट घडून गेलीय, ती माझ्या मते त्या व्याख्येपेक्षा चांगली आहे आणि जास्त चिडवणारीही.

जुलै १९८१. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना उचलायचं, गाड्यांत बसवायचं आणि आपापल्या गावी धाडायचं, असं ठरलं. भर पावसात झोपड्या मोडायला सुरुवात झाली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर काही जण न्यायालयात गेले. महापालिकेचं म्हणणं, आमच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१४ आहे, फुटपाथवरचं अतिक्रमण विनानोटीस काढता येतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि चार न्यायाधीशांनी जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. विनानोटीस काढता येतं याचा अर्थ विनानोटीसच काढावं असा नव्हे. माणसाचं म्हणणं ऐकणं हा नियम, न ऐकणं हा अपवाद. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. पण फुटपाथ अडवायचा हक्क मात्र कुणालाच नाही. तेव्हा काढा, पण पावसाळा होऊ द्या, ३१ ऑक्टोबरनंतर काढा.

झोपडीवाल्यांचे कैवारी आणि वैरी दोघेही या निकालातलं आपापलं अर्धं वाक्य घेऊन घरी गेले. आजवर दोघांनी मिळून पूर्ण वाक्य वाचलेलं नाही.

इकडे फुटपाथ झाडायला निघालेल्या मुख्यमंत्र्यांचंच आसन सहा महिन्यांत डळमळलं. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होतं, पोतं हवं तर परवाना लागे. बिल्डरांना सिमेंट मिळालं आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या मिळाल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये म्हटलं. अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. मुख्यमंत्र्यालाही कोर्ट घरी बसवू शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलं ते असं, सिमेंटच्या पोत्यावरून. इथे पडदा पडला असता तर टाळ्यांचं नाटक झालं असतं.

पण पुढचा अंक आहे आणि तो फार कमी लोकांना आठवतो. अंतुल्यांवर फौजदारी खटला चालला होता. तो लवकर निकाली निघावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये खास न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू उत्तम. अंतुले तक्रार करत राहिले, की कायद्यात हा खटला खास न्यायाधीशापुढेच चालायचा असं लिहिलंय. माझी एक पायरी तुम्ही काढून घेतलीत. १९८८ मध्ये सात न्यायाधीश बसले आणि बहुमताने म्हणाले, बरोबर आहे, चूक आमची. सर्वोच्च न्यायालयाने आपलाच आदेश मागे घेतला. दोषी की निर्दोष हा प्रश्नच नव्हता. घाई करायला कायद्यात जागा नव्हती, एवढंच.

बघा म्हणजे. फुटपाथवाल्याचं न ऐकता त्याला गाडीत बसवणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकायला देशाचे सात न्यायाधीश बसले. त्याने दिलं नव्हतं ते त्याला मिळालं. आपल्या मनातल्या न्यायदेवतेला हे पटत नाही, तिला हिशेब चुकता करायचा असतो. गच्चीवरून चित्रीकरण करणाऱ्या शेजाऱ्याला तर मुळीच पटणार नाही. पण ज्या दिवशी त्याच्या गच्चीची फाईल निघेल, त्या दिवशी तो धावत जाईल तो याच दोन निकालांकडे, आणि त्याच्या वकिलाला दोन्हींची नावं पाठ असतील.

आज कुठल्याही मंत्र्याची पत्रकार परिषद ऐका. ‘मी सोडणार नाही’ आणि ‘मी दिलासा देणार’, ही दोन वाक्यं आलटून पालटून येतात. पहिल्यावर टाळ्या पडतात, दुसऱ्यावर मतं. दोन्हींत ‘मी’ ठळक असतो. पत्रकारही विचारत नाही, की साहेब, तुम्ही सोडणारे किंवा देणारे कोण? विचारत नाही, कारण त्याच्या सोसायटीचीही ओसी अडकलेली असते.

*

जाता जाता.

बेकायदा मजला पैसे भरून कायदेशीर करून घेतला, की सरकारी मराठीत त्याला ‘प्रशमित संरचना’ म्हणतात. २०१७ च्या नियमांतच तसं आहे. रोग बरा झाल्यासारखं वाटतं ना? इमारतीला ताप होता, तो उतरला.

घाटकोपरचा कोसळलेला जाहिरातफलक, मे २०२४, १७ मृत्यू. मुंबईत मोठ्यात मोठा फलक ४० फूट बाय ४० चा चालतो. तो होता १२० बाय १२०. इतका मोठा, की त्यात नियम शोधावा लागला असता. वादळाने तपासणी केली.

आणि कुलाब्याची ‘आदर्श’ सोसायटी. सुरुवातीला सहा मजल्यांची गोष्ट निघाली होती, झाले एकतीस. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये पाडायला सांगितलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि इमारत लष्कराच्या ताब्यात गेली. लोक उगाच यात राजकारण शोधतात. साधी तांत्रिक अडचण आहे: जेसीबीचा हात दुसऱ्या मजल्याच्या वर पोचत नाही.